माती कुणी खाल्ली?

भूक आणि तलफ या दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी स्वभावाने अगदी वेगळ्या. भूक बिचारी गरीब. तिला पोळी चालते, भाकरी चालते, कालचा भात फोडणीला टाकून दिला तरी ती गुमान गिळते. तलफेचं तसं नाही. पोळीभाजीचं ताट पुढे केलंत तर ती तोंड फिरवते. तिला हवा असतो बटाटेवडा. तोही घरचा नव्हे, डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या कढईतला. चौतीस वर्षं मी फोर्टातल्या कचेरीत कारकुनी केली आणि चौतीस वर्षं संध्याकाळी गाडीतून उतरलो की माझे पाय घराच्या दिशेला आणि नाक कढईच्या दिशेला, अशी माझी ओढाताण होत आली. त्यात पायांचा विजय किती वेळा झाला हे मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील.

आता, वडा खायला माझी हरकत कधीच नव्हती. हरकत असायची आमच्या सौभाग्यवतींची. आणि बायकोच्या हरकतीपुढे नुसतं ‘खावंसं वाटलं’ एवढं कारण टिकत नाही. कारण कसं भारदस्त, शास्त्रीय हवं. ते मला २०१० साली कचेरीत मिळालं. आमच्यातल्या एका हौशी गृहस्थांनी कुठूनसा एक तक्ता छापून आणला होता. डाव्या बाजूला तलफ, उजव्या बाजूला शरीरात काय कमी आहे ते. चॉकलेट खावंसं वाटलं तर मॅग्नेशियम कमी. तेलकट खावंसं वाटलं तर कॅल्शियम कमी. तो तक्ता वाचता वाचता माझे डोळे भरून आले. पन्नास वर्षं ज्याला लोक जिभेचे चोचले म्हणत होते ती माझ्या शरीराची मागणी होती! मी वडे खात नव्हतो, हाडं सांभाळत होतो.

त्या दिवशी मी घरी आलो तो वड्यांचा पुडा उघड उघड हातात घेऊन. हिला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ही पाचवीच्या वर्गाच्या वह्या तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “कॅल्शियम कमी पडलंय ना? मग कपभर दूध आहे बघा पातेल्यात.”

दुधाचं नाव ऐकताच शरीरानं आपली मागणी तत्काळ मागे घेतली.

शिक्षिकेशी लग्न करू नये ते एवढ्यासाठीच. पण मीही हार मानणारा नव्हे. वाचनालयात बसून मी एक भरभक्कम पुरावा शोधून काढला. क्लॅरा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९२० ते ४० च्या दरम्यान नुकतीच अंगावरून सुटलेली पंधरा मुलं एकेक करून सांभाळली आणि त्यांच्यापुढे रोज वेगवेगळे पदार्थ मांडले. सगळे मिळून चौतीस. दूध, फळं, भाज्या, धान्यं, मांस, अंडी, अगदी मीठसुद्धा. दाईनं काही म्हणजे काही सुचवायचं नाही. मूल ज्या वाटीकडे हात करील तेच भरवायचं. पोरं मन मानेल तसं खात. पण काही महिन्यांचा हिशोब मांडला तर प्रत्येक पोराच्या पोटात जे जायला हवं ते गेलेलं, आणि सगळी कशी टणटणीत. त्यातल्या एकाला मुडदूस झालेला. त्याच्यासमोर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची वाटी ठेवली होती. ते तेल ज्यानं लहानपणी नाक दाबून घेतलं आहे त्याला त्याची चव सांगायला नको. हे पोर ते आपणहून पीत राहिलं, आणि मुडदूस बरा झाल्यावर आपणहून थांबलं.

“बघ!” मी म्हटलं. “तान्ह्या मुलालासुद्धा शरीर सांगतं काय हवं ते!”

“त्या चौतीस पदार्थांत वडा होता?” हिनं विचारलं.

मी पुन्हा वाचनालयात गेलो. वडा नव्हता. साखरही नव्हती, मैदाही नव्हता, तळलेलं काही नव्हतं. डेव्हिसबाईंनी स्वतःच १९३९ साली सांगून टाकलं होतं की सगळी मेख त्या यादीतच आहे. वाईट काही ताटात येतच नसेल तर निवड चुकणार कशी? मी हे घरी सांगितलं नाही. पुरावा अर्धाच सांगायचा असतो हे कचेरीत मी बऱ्याच चौकश्या पाहून शिकलो होतो.

मात्र मनाला एक गोष्ट खटकत राहिली. माझ्या शरीरानं आजवर एकदाही पडवळाची मागणी केलेली नव्हती. मॅग्नेशियमच हवं असेल तर ते तिळात आहे, शेंगदाण्यात आहे, पालकात आहे. पण मध्यरात्री दचकून उठून ‘पालक! पालक!’ म्हणून कुणी टाहो फोडल्याचं ऐकलंय? चॉकलेटचं कोडंही १९९४ साली अमेरिकेतच सोडवून झालं होतं. ज्यांना चॉकलेटची तलफ येते अशांना चॉकलेट न देता कोकोचा सगळा अर्क भरलेल्या कॅपसूल गिळायला दिल्या. तलफ जागच्या जागी. पांढरं चॉकलेट दिलं, ज्यात तो अर्क नसतो, तेव्हा ती निम्मीशिम्मी तरी शमली. म्हणजे मागणी मॅग्नेशियमची नव्हतीच. जिभेवर विरघळणाऱ्या त्या गोड लोण्याची होती.

तरीसुद्धा शरीर काहीच मागत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटेना. याला कारण आमची काकू.

१९६८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा वाईला होतो. काकूला दिवस गेले होते आणि घरात डोहाळ्यांचं राज्य सुरू झालं होतं. चिंच, कैरी, करवंदं यांचा नुसता पाऊस. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते असं आजीचं शास्त्र, आणि लाळ गळणारं मूल घराण्यात नको म्हणून काका रात्री कंदील घेऊन कुणाच्या तरी परसात चिंचा पाडायला जायचे. हे सगळं चारचौघांत सांगण्यासारखं. पण काकूला चारचौघांत न सांगण्यासारखाही एक डोहाळा होता. माजघराच्या भिंतीचा एक कोपरा दिवसेंदिवस झिजत चालला होता. मला वाटे उंदीर. एका दुपारी मी पाहिलं, काकू नखानं भिंतीचा पोपडा काढून तोंडात टाकत होती. मला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या हातावर चिंचेचं बुटूक ठेवलं. आयुष्यात मी घेतलेली ती पहिली लाच.

पुढे कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा कळलं की काकू एकटी नव्हती, चांगली राजघराण्याच्या पंगतीला बसली होती. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा गरोदरपणी माती खाते आणि दिलीप राजा एकांतात तिच्या मुखाचा तो मातकट वास घेऊन घेऊन तृप्त होत नाही. कालिदासाला त्यात काव्य दिसलं. वैद्यांना मात्र रोग दिसला. चरकसंहितेत पांडुरोगाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांतला पाचवा माती खाण्यातून होणारा. पांडू म्हणजे फिकट. काकूही त्या दिवसांत फिकी पडत चालली होती. पण येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणत, “गोरी झाली हो पोर! तेज आलंय!” आणि काकू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर टेकून हसायची. ती गोरी झाली नव्हती, पांढरी झाली होती. बाळंतपणात फार रक्त गेलं. वाचली, पण पुन्हा काही तिला अंग धरता आलं नाही.

आमची ताई त्याच सुमाराला पाटीवरच्या पेन्सिली खायची. खोकं आणलं की आठवड्यात फस्त. आजीनं निदान केलं, “जंत!” आणि एरंडेल पाजलं. मोठा झाल्यावर मी या निदानाला पुष्कळ हसलो, पण हसू मागे घ्यावं लागलं. अनवाणी हिंडणाऱ्या पोरांच्या तळपायांतून आत शिरणारा अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्तच पितो. रक्ताबरोबर लोह जातं, आणि लोह कमी पडलं की माणसाला माती, खडू, राख, कच्चे तांदूळ असलं भलतंसलतं खावंसं वाटू लागतं. आजीचं औषध चुकलं असेल. बोट मात्र तिनं कदाचित बरोबर जागी ठेवलं होतं.

एवढं सगळं ज्याला ठाऊक, त्यानं स्वतःच्या घरात काय दिवे लावावेत?

२०११ सालच्या उन्हाळ्यात ही बर्फ खायला लागली. डोंबिवलीचा उन्हाळा म्हणजे बर्फ कोण खात नाही? २ एप्रिलला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. धोनीनं तो शेवटचा षटकार मारला तेव्हा सगळी इमारत ओरडली, आणि माझ्या शेजारून फक्त ‘कडाम्’ असा आवाज आला. ही बर्फाचा खडा फोडत होती. मी म्हटलं, अगं, दात पडतील. जून आला, पाऊस लागला, लोक आल्याचा चहा मागू लागले, हिचा बर्फ चालूच. फ्रिजमधले दोन ट्रे तिसऱ्यावर गेले. रात्री वह्या तपासताना शेजारी वाडगा, आणि एकेका वहीमागे एकेक खडा. पाहुण्यांच्या सरबताला बर्फ उरेना. मी त्यावर विनोद करायचो. पाहुण्यांना सांगायचो, आमच्याकडे काश्मीर आहे, फक्त शिकारा तेवढा नाही. पाहुणे हसायचे. हीही हसायची. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “हल्ली किती गोऱ्या दिसता हो तुम्ही!” तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. ही दुसऱ्या मजल्यावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. मला वाटायचं, वहिनींशी बोलायला थांबते.

डिसेंबरात एके दिवशी स्टेशनच्या पुलावर ही पायरीवरच बसली. माझ्या हातात वडा होता. आता शरमेनं सांगतो, पहिला विचार असा आला की ही माझ्यावर रागावून बसली.

डॉक्टरीणबाईंनी हिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि पहिलाच प्रश्न केला, “बर्फ खाता का हो?”

मी खुर्चीवरून उठायचाच बाकी राहिलो. कुंडली न पाहता असलं सांगणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. बाई म्हणाल्या, यात भविष्य वगैरे काही नाही. रक्तातलं लोह कमी झालं की कित्येकींना बर्फ चघळल्याशिवाय चैन पडत नाही. मग त्यांनी विचारलं, पाळीच्या वेळी रक्त जास्त जातं का, किती दिवसांपासून. मी घाईघाईनं भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो. आमच्या पिढीच्या पुरुषांना असल्या वेळी भिंत फार उपयोगी पडते. हिनं हळू आवाजात सांगितलं, “दोन वर्षं.”

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.८. बाईमाणसाला निदान १२ हवं. म्हणजे निम्म्याहून जरा वर असलेल्या रक्तावर ही शाळा करत होती, तीन मजले चढत होती, आणि माझे वडे किती झाले याचा हिशोबही ठेवत होती.

परत येताना रिक्षात मी विचारलं, “मला सांगायचं नाहीस का?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“श्रावणात. साबुदाणेवडे तळत होते तेव्हा. म्हटलं, फार त्रास होतोय, एकदा दाखवून यायला हवं.”

“मग मी काय म्हणालो?”

“तुम्ही म्हणालात, चटणीत मिरची कमी पडलीय.”

मराठीत ‘माती खाणे’ या शब्दांना आणखी एक अर्थ आहे. काकूनं खाल्ली ती भिंतीची. मी खाल्ली ती या दुसऱ्या अर्थानं, आणि चटणीबरोबर.

पुढचं भराभर झालं. गर्भाशयात गाठी निघाल्या, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याआधी शिरेतून लोह चढवलं, मग गोळ्या. गोळी घेताना लिंबू पिळलेलं पाणी चालेल, पण जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, असं बाईंनी बजावलं. ही माझ्याकडे पाहून नुसती हसली. जेवण झाल्या झाल्या अर्धा कप चहा ही माझ्या शरीराची आणखी एक जुनी मागणी. आणि एकट्यानं काय चहा प्यायचा, म्हणून लग्न झाल्यापासून ही सोबतीला अर्धा कप घेत आलेली.

लोह चढवल्यानंतर नवव्या दिवशी सकाळी मी फ्रिज उघडला तर तिन्ही ट्रे काठोकाठ भरलेले. हिला विचारलं तर म्हणाली, “अय्या, हो की! आठवणच झाली नाही.” रक्त अजून भरायचं होतं, पण तलफ आधीच निघून गेली होती. बाई म्हणाल्या, पुष्कळदा असंच होतं.

मग मात्र मी वाचनालयात बसून पुरावे पुरे वाचले. १९४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या दोन डॉक्टरांनी एका साडेतीन वर्षांच्या मुलाची हकीकत छापली आहे. हा मुलगा मीठ खायचा. बिस्किटांवरचं मीठ चाटून बिस्किटं टाकून द्यायचा, मिठाची बाटली पाहिली की रडायचा. ‘मीठ’ हा तो अगदी सुरुवातीला शिकलेल्या शब्दांपैकी एक. त्याला दुसऱ्याच कारणासाठी इस्पितळात ठेवलं. तिथे सगळ्यांना मिळायचं तेच जेवण, बेताच्या मिठाचं. सात दिवसांत तो गेला. मागाहून कळलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा दोष होता. अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जात होतं आणि ते पोर मूठमूठ मीठ खाऊन स्वतःला जगवत होतं. त्याच डॉक्टरांपैकी एकानं उंदरांची ती ग्रंथी काढून पाहिली होती. उंदीरही आपणहून खारं पाणी पिऊन जगले. हे वाचल्यावर दोन दिवस मी ताटातलं मीठ वाढून घेताना थांबत होतो.

म्हणजे मिठाच्या बाबतीत शरीर सरळ बोलतं. लोहाच्या बाबतीत मात्र त्याची भाषा कोण जाणे कुणी शिकवली आहे. हवं असतं लोह, आणि मागतं काय, तर बर्फ. ज्यात लोहाचा कण नाही. माती मागतं तर त्यातही फसगत, कारण काही माती पोटातलं लोह उलट धरून ठेवते. २०१४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या काही संशोधकांनी लोह कमी असलेल्या लोकांना बर्फ चघळायला दिला आणि मग एकाग्रतेची परीक्षा घेतली. त्यांचं काम चटपटीत होऊ लागलं. धडधाकट लोकांना त्याच बर्फानं काही फरक पडला नाही. त्यावरून त्यांचा तर्क असा की गार खड्यानं मेंदू जरा जागा होत असावा. मला ते वाचताना वह्यांचा गठ्ठा दिसला, शेजारी वाडगा, आणि एकेका वहीमागे एकेक खडा. मी काश्मीरचा विनोद करत होतो, आणि ही बहुतेक जागं राहायची धडपड करत होती.

यानंतर माझ्या अंगात समाजसेवा संचारली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांच्या अंगात रक्त कमी, असं निघालं. मी आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांचा हिशोब मांडला आणि घाबरलो. कुणाकडे हळदीकुंकवाला हिला सोडायला गेलो की दारातच विचारायचो, “वहिनी, बर्फ खाता का? खडू? कच्चे तांदूळ?” लोक सभ्य आहेत, त्यांनी पोलिसांत कळवलं नाही. पण दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई एक दिवस हळूच हिला म्हणाली, “काकू, काकांना कसं कळलं? मी तांदूळ खाते.” तिचं हिमोग्लोबिन ८ निघालं. तेव्हापासून मला दारात थोडा मान आहे.

माझ्या शरीराचं म्हणाल तर डॉक्टरीणबाईंनी त्याच वेळी माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला होता. १६० वर १००. पापड, लोणचं, फरसाण, वडा, सगळं बंद. ज्या शरीराला इतकी वर्षं मीठ हवं होतं त्याला मिठाची अजिबात गरज नव्हती. नुसती सवय होती, आणि सवयीलाच मी शास्त्र म्हणत होतो. आता अळणी आमटीपुढे बसलो की मी कधीतरी म्हणतो, “शरीर मीठ मागतंय गं.” ही म्हणते, “मागू दे. उद्या लेखी अर्ज करायला सांगा.”

एक खोड मात्र लागली ती लागलीच. घरात कुठे ‘कटकन्’ वाजलं की माझे कान टवकारतात. परवा रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरातून तोच आवाज आला. कडाम्. मग पुन्हा कडाम्. मी चष्मा न लावता तसाच धावलो, दिवा लावला. ही ओट्याशी उभी, तोंडात काहीतरी, आणि चेहऱ्यावर अगदी वाईच्या काकूचा भाव.

“तोंड उघड,” मी म्हटलं.

“खडीसाखर आहे हो.”

“कशाचं लक्षण आहे हे?”

“गोड खावंसं वाटल्याचं,” ही म्हणाली, आणि माझ्या हातावर एक खडा ठेवला.